ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर प्रोग्राम का चढत नाही?

भिवंडीतल्या कॉलेजच्या मुलांकडे कॅल्क्युलेटर म्हटलं की बहुतेक कॅसिओचा एफएक्स-९९१ असतो. ग्राफिंग कॅल्क्युलेटर क्वचित दिसतो. एखाद्या घरी ठाण्या-मुंबईच्या आयबी शाळेत जाणाऱ्या मुलासाठी घेतलेला, एखाद्या घरी परदेशातल्या आत्याने आपल्या मुलाचा जुना पाठवलेला. मुलांना त्यात स्वतःचे प्रोग्राम टाकायचे असतात, आणि ते जमलं नाही की विचारायला आसपास कुणी नसतं. मग ऐकीव गोष्टींवर काम चालतं आणि धडधाकट मशीन ‘गेलं’ म्हणून कपाटात पडतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण नकाराचं कारण बहुतेक वेळा पडद्यावरच लिहून आलेलं असतं.

सुरुवात ९९१पासूनच करू. एफएक्स-९९१ईएक्स क्यूआर कोड दाखवतो आणि तो स्कॅन केला की मोबाइलवर आलेख उमटतो. त्यामुळे हाही ग्राफिंग कॅल्क्युलेटर आहे आणि त्यातही सॉफ्टवेअर टाकता येईल, असं अनेकांना वाटतं. आलेख काढते ती कॅसिओची वेबसाइट. यंत्र फक्त आकडे पुरवतं. त्याला यूएसबीची खाच नाही आणि बाहेरून प्रोग्राम घेण्याची सोय नाही. त्यावर वेळ घालवू नये.

दुसरा समज आमच्या गावाबद्दलचा आहे. पार्सलच्या ट्रॅकिंगमध्ये ‘भिवंडी’ दिसलं आणि मशीनवर प्रोग्राम चढला नाही, की माल नकली किंवा पडून राहिलेला असणार असा निष्कर्ष निघतो. काल्हेर, दापोडे, माणकोली, वडपे या पट्ट्यातल्या गोदामांतून मुंबई परिसराचा ऑनलाइन माल सुटतो. पार्सल तिथे थांबलं यावरून आतल्या वस्तूबद्दल काहीच कळत नाही. बघायची असते ती ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या (टीआय) ८४ प्लस सीईवर ‘सेकंड’ दाबून अधिकच्या कळीवरचं ‘मेम’ उघडा. पहिल्याच ओळीतल्या ‘अबाउट’मध्ये ती मिळते. एकाच मॉडेलच्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन खोक्यांत वेगवेगळ्या आवृत्त्या निघू शकतात, आणि मित्राचं चालतं पण माझं चालत नाही, याचं कारण बऱ्याचदा तेवढंच असतं.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज: काही चालत नसेल तर आधी अपडेट करा. मोबाइलमुळे लागलेली ही सवय इथे उलटते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०२० मध्ये सीई मालिकेसाठी ५.५ ही आवृत्ती काढली आणि त्यात असेंब्ली व सी भाषेतले प्रोग्राम चालवण्याची सोयच काढून टाकली. परीक्षेसाठीचं बंधन चुकवता येतं हे दाखवणारा एक व्हिडिओ त्याआधी पसरला होता. म्हणजे कालपर्यंत चालणारा खेळ अपडेटनंतर बंद पडतो, आणि मशीन मात्र ठणठणीत असतं. मागच्या आवृत्तीवर परतायचं म्हटलं तर तीही वाट बंद. सीई जुनी सिस्टिम स्वीकारत नाही. पुढे हौशी प्रोग्रामरांनी कॅब्री ज्युनिअर या भूमितीच्या अ‍ॅपमधली एक फट वापरून ‘आर्टिफाइस’ नावाचा मार्ग काढला. त्यासाठी ते अ‍ॅप मशीनवर असावं लागतं आणि आर्टिफाइसची आपल्या आवृत्तीला लागू पडणारी प्रत लागते. तेव्हा अपडेटचं बटण दाबण्याआधी आपली आवृत्ती लिहून ठेवा, आणि हवा असलेला प्रोग्राम कोणत्या आवृत्तीवर चालतो ते वाचा.

‘टीआयचं कुलूप तर केव्हाच फुटलंय’ असंही ऐकू येतं. यात अर्धं सत्य आहे, आणि ते अर्धं मोठं विलक्षण आहे. टीआय-८३ प्लस फक्त कंपनीची डिजिटल सही असलेली सिस्टिम स्वीकारत असे. त्या सहीची चावी ५१२ बिटांची होती. ती मिळवायची तर दीडशेहून अधिक अंकी संख्येचे दोन मूळ अवयव शोधायचे. २००९ मध्ये बेंजामिन मूडी या हौशी प्रोग्रामरने घरच्या संगणकावर सुमारे ७३ दिवस हिशेब चालवून ते शोधले. मग जगभरच्या हौशींनी आपापले संगणक जोडून कंपनीच्या इतर मॉडेलांच्या चाव्या काही आठवड्यांत काढल्या. कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याखाली नोटिसा धाडल्या आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था हौशींच्या बाजूने उभी राहिली. विकत घेतलेल्या वस्तूत काय चालवायचं हे मालकाने ठरवावं, या बाजूचा मीही आहे. पण त्या चाव्या जुन्या मशीनांच्या. रंगीत पडद्याच्या सीईला त्या लागत नाहीत. आत्याने पाठवलेला काळ्या-पांढऱ्या पडद्याचा ८४ प्लस आणि आजचा सीई ही नावाने भावंडं असली तरी एकाची फाइल दुसऱ्यावर टाकून भागत नाही.

‘प्रोग्राम पोहोचला पण उघडत नाही, म्हणजे फाइल खराब.’ पडद्यावर ‘नीड लिबलोड’ असं आलं असेल तर फाइल चांगली आहे. सीईसाठी सी भाषेत लिहिलेले बरेच प्रोग्राम काही सामायिक लायब्रऱ्यांवर उभे असतात, आणि त्या वेगळ्या टाकाव्या लागतात. ताण्याची बीम न चढवता मागावर नुसता बाणा फेकून कापड निघत नाही, तसंच हे. लायब्रऱ्या आहेत पण जुन्या, तरीही प्रोग्राम अडतो. अशा वेळी पूर्ण संच नव्याने पाठवावा.

‘अर्काइव्ह्ड’ अशी चूक आली तर प्रोग्राम साठवणीच्या मेमरीत आहे, एवढाच अर्थ. सीईवर कामाची रॅम सुमारे १५४ केबी आणि साठवण ३ एमबी मिळते. एखादा प्रोग्राम कोसळला की रॅम पुसली जाते, साठवणीतलं सहसा टिकतं. म्हणून महत्त्वाचं साठवणीत ठेवावं, आणि चालवताना ‘अनअर्काइव्ह’ करावं किंवा सीझियमसारखा शेल, म्हणजे साठवणीतले प्रोग्राम थेट चालवून देणारा प्रोग्राम, वापरावा. कुठलीही अडचण आली की ‘रीसेट ऑल’ करायची घाई मात्र नको. त्याने आवृत्ती बदलत नाही, लायब्रऱ्या येत नाहीत; होतं नव्हतं ते जातं.

कॅसिओच्या एफएक्स-सीजी५०चं काम सोपं आहे. तो संगणकाला पेन ड्राइव्हसारखा दिसतो. ‘.जी३ए’ फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता थेट बाहेर ठेवायची आणि ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल काढायची नाही. केबलही तपासा: काही केबल नुसतं चार्जिंग करतात, डेटा नेत नाहीत.

अपडेट चालू असताना वीज गेली, संगणक बंद पडला, की कॅल्क्युलेटर कायमचा गेला असं समजतात. मशीन स्वतःच्या बॅटरीवर असतं. अर्धवट राहते ती सिस्टिम; सुरुवात करून देणारा बूट कोड वेगळ्या, राखीव जागेत असतो. टीआय-८४ प्लस अशा वेळी सिस्टिम टाकण्याची वाट पाहत असल्याचं पडद्यावर सांगतो. फ्रान्सच्या नमवर्क्सचा पडदा काळा पडला असेल तर ६ची कळ दाबून धरून मागचं रीसेट बटण टोकदार वस्तूने दाबा, मग केबल लावा. पडदा काळाच राहील, पण संगणकाला मशीन दिसेल. मात्र ब्राउझर क्रोम किंवा एज हवा. फायरफॉक्स आणि सफारीत ही सोय नाही.

राहिली परीक्षा. प्रोग्राम टाकलेला कॅल्क्युलेटर प्रवेश परीक्षेत उपयोगी पडेल, या आशेने काही पालक महागडं मशीन घेतात. जेईई मेनमध्ये कॅल्क्युलेटरच चालत नाही. गेटमध्ये पडद्यावरचा आभासी कॅल्क्युलेटर मिळतो, स्वतःचा नेता येत नाही. आयबी डिप्लोमाच्या गणितात ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो; ‘अ‍ॅनालिसिस अँड अप्रोचेस’चा पहिला पेपर तेवढा त्याविना असतो. तिथे कोणतं मॉडेल आणि कोणतं सॉफ्टवेअर चालेल याचे नियम आहेत, आणि बदललेली सिस्टिम घेऊन गेलेल्या मुलाला कॅल्क्युलेटर वर्गाबाहेर ठेवावा लागू शकतो. तेव्हा परीक्षेच्या काही आठवडे आधी स्वतःच्या प्रोग्रामांची प्रत संगणकावर काढा, मूळ सिस्टिम परत बसवा आणि परीक्षेचा मोड शाळेच्या शिक्षकांसमोर एकदा लावून बघा.