एका कचोरीचे आठ निरोप

शेगावला स्टेशनबाहेर कचोरी घ्या. वीस रुपयांची. तुमच्या मोबाइलात फोनपे, दुकानदाराकडे गुगल पे. तुमचं खातं एका बँकेत, त्याचं दुसऱ्या. दोघींच्या संगणकांची जाळी निराळी. तरी तुम्ही कोड स्कॅन करता, पिन टाकता आणि पहिला घास घ्यायच्या आत गाड्यावरचा स्पीकर बोलतो, पैसे आले!

तेवढ्यात काय काय घडलं बघा. तुमच्या ॲपने यूपीआयला, म्हणजे बँकांना जोडणाऱ्या यंत्रणेला, विनंती धाडली. यूपीआयने दुकानदाराच्या ॲपला खात्याचा पत्ता विचारला, उत्तर आलं. तुमच्या बँकेला सांगितलं, काढा, होकार आला. त्याच्या बँकेला सांगितलं, जमा करा, होकार आला. शेवटी तुम्हाला पावती. आठ निरोप! एका कचोरीला आठ! शेगाव ते मुंबई साडेपाचशे किलोमीटर, रेल्वेला रात्र लागते. काचेच्या तारेतला प्रकाश तेवढ्याच वाटेवर एका सेकंदात एकशेऐंशी वेळा जाऊन येईल.

११ एप्रिल २०१६ ला मुंबईत यूपीआय सुरू झालं तेव्हा सोबत होत्या २१ बँका. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात व्यवहार झाले २,००१ कोटी. रोजचे साडेचौसष्ट कोटी. सेकंदाला जवळजवळ साडेसात हजार. आणि निरोप? सेकंदाला साठ हजार! २०११ च्या जनगणनेत शेगावच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसं होती २५ लाख ८६ हजार. मलकापूरपासून लोणारपर्यंत, तान्ह्या बाळासकट प्रत्येकाने एकेक कचोरी घेतली, तर या वेगाने सगळ्यांचे पैसे सहा मिनिटांच्या आत चुकते.

२,००१ कोटी डोळ्यांपुढे येत नाहीत ना? आपल्या सोयाबीनने मोजू. एका व्यवहाराला एक दाणा. शंभर दाणे बारा ग्रॅमचे धरले तर ढीग चोवीस हजार क्विंटलचा. खामगावच्या बाजार समितीपुढे दहा टनी दोनशे चाळीस ट्रक! हे दाणे सेकंदाला एक असे मोजायचे, तर अन्नपाणी आणि झोप सोडून ६३४ वर्षं. सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मल्या १५९८ साली. त्याच्याही दोनशे वर्षं आधी मोजायला बसलेला माणूस आत्ता कुठे उठला असता.

रुपये तर राहिलेच! त्या महिन्याची उलाढाल २४.८५ लाख कोटी. सगळ्या पाचशेच्या नोटा करा: ४,९७० कोटी. नोट एक ग्रॅमची धरली तरी पन्नास हजार टन, म्हणजे अठ्ठावन्न डब्यांच्या चौदा मालगाड्या. नोटेची लांबी पंधरा सेंटीमीटर. दहा लाख नोटा एकीपुढे एक मांडल्या की झालं मुंबई-पुणे, दीडशे किलोमीटर. आपल्या नोटांत ते अंतर भरेल ४९,७०० वेळा. साडेचौऱ्याहत्तर लाख किलोमीटर! चंद्र आहे तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर. ही माळ चंद्राला जाऊन परत येईल, एकदा नाही, नऊ वेळा, आणि दहाव्या खेपेला चंद्र गाठून परतीला लागलेली असेल.

या माळेत शेगावच्या कचोरीचे वीस रुपयेही आहेत.