चित्रफितींसाठी संगणक निवडताना



मिशनच्या चित्रफितींचे संकलन मी करतो. नंदुरबारकडच्या पाड्यांवर दाखवण्यासाठी आम्ही भिली, पावरी आणि मावची भाषांत आरोग्याविषयी आणि शाळेविषयी छोट्या चित्रफिती बनवतो. या कामासाठी नवा संगणक घ्यायचे ठरल्यापासून दोन प्रश्न वारंवार येतात: “आमच्या ऑफिसातला जुना संगणक देऊ का?” आणि “मिशनला इतका महागडा संगणक हवाच कशाला?” दोन्ही प्रश्न आपुलकीने विचारलेले आहेत आणि पैसा तुमचा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. आता अनेक मंडळ्या आपल्या उपासनेचे चित्रण स्वतःच करू लागल्या आहेत. त्यांनाही याचा उपयोग होईल.

संगणकाला एवढे काम कसले?

चित्रफीत म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रे. सेकंदाला २५ चित्रे धरली तर २० मिनिटांच्या चित्रफितीत ३०,००० चित्रे होतात. फुल एचडीच्या एका चित्रात सुमारे २० लाख ठिपके असतात. ४के चित्रात त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे ८३ लाख. आपण रंग सुधारला, अंधार कमी केला किंवा खाली अक्षरे टाकली की संगणकाला प्रत्येक चित्र नव्याने तयार करावे लागते. यालाच रेंडरिंग म्हणतात. एका चित्राला एक सेकंद लागला तर आपल्या चित्रफितीला ८ तास २० मिनिटे लागतील. सेकंदाचा दहावा भाग लागला तर ५० मिनिटांत काम होईल. आणि तीन भाषांसाठी हे तीनदा करायचे असते.

दुसरी अडचण फाइलच्या रचनेची आहे. मोबाइल आणि साधे कॅमेरे जागा वाचवण्यासाठी एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने चित्रण साठवतात. समजा, संडे स्कूलच्या हजेरीपटात पहिल्या रविवारी सर्व नावे लिहिली आणि पुढच्या प्रत्येक रविवारी फक्त “हा आला, ती गेली” एवढाच बदल नोंदवला. वही लहान राहील, पण दहाव्या रविवारी कोण कोण हजर होते हे सांगायला पहिल्या पानापासून वाचत यावे लागेल. या फाइलींचेही तसेच आहे. नुसते पाहताना त्रास होत नाही, पण कापाकापी करताना आपण सारखे मागे-पुढे जातो आणि जुना संगणक तिथेच अडखळतो.

दुकानात जाण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला प्रश्न, चित्रण कशाने होते? आपल्या कॅमेऱ्याच्या दोन-तीन फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जावे आणि त्या तिथल्या संगणकावर चालवून पाहाव्यात.

दुसरा, संकलन कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये होते? केडेनलाइव्ह आणि शॉटकट पूर्ण मोफत आहेत. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही भरपूर काम देते, पण तिचा बराच भार ग्राफिक्स कार्डवर पडतो आणि काही कॅमेऱ्यांच्या फाइली तिच्यात उघडत नाहीत. तेव्हा आधी सॉफ्टवेअर ठरवावे, मग संगणक.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: चित्रफीत पाहणार कोण आणि कशावर? आमचे प्रेक्षक ती मोबाइलवर पाहतात. नेटवर्क नसेल तिथे मेमरी कार्डवरून ती एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जाते. त्यांना फुल एचडी पुरते, आणि एच.२६४ची फाइल जवळजवळ सर्व फोनवर चालते. म्हणून ४के किंवा ८केच्या मोहात पडून खर्च वाढवण्याचे आम्हाला कारण नाही.

पैसा कुठे घालावा?

प्रोसेसर मधल्या वर्गातला, पण अलीकडच्या पिढीचा असावा. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असे चित्रण उलगडणारी क्विक सिंक नावाची सोय असते. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसते, त्यामुळे ही सोयही नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, म्हणून दुकानदार सुचवतो. संकलनासाठी तो टाळलेला बरा.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान असला की प्रत्येक भांडे उचलून कोठीत ठेवावे आणि पुन्हा आणावे लागते. फुल एचडीसाठी १६ जीबी किमान, ३२ जीबी असल्यास निवांत काम होते. पुढे वाढवता यावी म्हणून एखादी खाच मोकळी ठेवावी.

ग्राफिक्स कार्ड रंगसुधारणा, आवाजाच्या खरखरीसारखी चित्रातली खरखर काढणे अशी कामे झपाट्याने करते. केवळ तुकडे जोडायचे असतील तर त्यावाचून चालते. घ्यायचे झाल्यास ८ जीबी मेमरीचे साधे कार्ड पुरे. रंगीत दिव्यांचे पैसे देऊ नयेत.

डिस्क दोन असाव्यात. सॉफ्टवेअर आणि चालू काम यांसाठी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी, आणि झालेले काम साठवायला मोठी हार्ड डिस्क. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण करणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी जागा घेतो. एका दिवसात चार तास चित्रण झाले तर १८० जीबी. हा हिशेब न करता डिस्क घेतली तर ती लवकरच भरते.

लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप बरा. पातळ लॅपटॉप लांबलचक रेंडरिंगमध्ये तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. डेस्कटॉपचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

पैसे कमी असले तर एक युक्ती आहे. बहुतेक सॉफ्टवेअर मूळ चित्रणाची हलकी प्रत तयार करून देते. तिला प्रॉक्सी म्हणतात. सगळी कापाकापी त्या प्रतीवर होते आणि शेवटचे रेंडरिंग मूळ फाइलीवरून. मध्यम संगणकावरही मग हात अडत नाही.

वीज आणि प्रती

रेंडरिंग चालू असताना वीज गेली तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पावसाळ्यात ती कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून यूपीएस हवाच. पण बाजारातले अनेक ६०० व्हीएचे यूपीएस ३६० वॉटपर्यंतचाच भार पेलतात. ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला १००० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्यावा. तोही काम जपून बंद करण्यापुरता वेळ देतो, संध्याकाळभर चालत नाही.

आणि आता ज्यावर मी सर्वांत आग्रही आहे ती गोष्ट. संगणक पुन्हा घेता येतो, सॉफ्टवेअर पुन्हा घालता येते. पाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या तोंडचे लग्नगीत मात्र पुन्हा मिळेलच असे नाही. ती भाषा बोलणारी नातवंडे उद्या ते शोधत येतील. म्हणून प्रत्येक चित्रणाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, असा जगभर पाळला जाणारा नियम आहे. वर्षानुवर्षे जपायच्या प्रतीसाठी हार्ड डिस्क घ्यावी, कारण वीज न मिळता खूप काळ पडून राहिलेल्या एसएसडीतली माहिती जाऊ शकते. हार्ड डिस्कही वर्षातून एकदा लावून तपासावी. अंदाजपत्रकात प्रोसेसर एक पायरी खाली आणावा लागला तरी चालेल, पण या डिस्कचे पैसे कापू नयेत.

मग जुन्या संगणकाचे काय?

जरूर द्या, फक्त तो संकलनाला लागणार नाही. भाषांतराची संहिता टाइप करणे, आवाजाचे ध्वनिमुद्रण आणि हिशेब यांसाठी तो उत्तम आहे. जुना लॅपटॉप तर पाड्यावर नेऊन हलकी प्रत दाखवता येते. जाणकार वडीलधारी माणसे ती पाहून “हा शब्द आमच्यात असा नाही” असे सांगतात, आणि ही तपासणी झाल्याशिवाय आम्ही शेवटचे रेंडरिंग करत नाही. देण्यापूर्वी आपली खासगी माहिती पुसून घ्या आणि चार्जर सोबत द्या.

कुणाला रोख मदतीऐवजी वस्तूच द्यायची असेल तर सध्या एक मोठी हार्ड डिस्क किंवा चांगला यूपीएस सर्वांत आधी कामी येईल. आपल्या मंडळीसाठी संगणक घेणार असाल तर वरचे तीन प्रश्न कागदावर लिहूनच दुकानात जा.