गोडुल्या द्राक्षाचा हिशेब

मंडळी, आज इटलीतल्या एका द्राक्षाची हकीकत सांगायची आहे. मद्य प्यावे की पिऊ नये, हा आजचा विषय नव्हे. विषय आहे शेतकऱ्याच्या हिशेबाचा.

इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रांत आहे. त्यात लांगे हा टेकड्यांचा मुलूख. आल्बा, दोग्लियानी ही तिथली नावाजलेली गावं. या उतारांवर डोल्चेत्तो नावाचं काळं द्राक्ष होतं. डोल्चेत्तो म्हणजे 'गोडुलं'. पण गंमत अशी, की त्याची वाइन गोड नसते! रस आंबू लागला की यीस्ट त्यातली साखर खातं आणि तिचा मद्यार्क करतं. साखर संपली की गोडवाही संपला. मागे राहतो जांभळट लाल रंग, फळाचा ताजा वास आणि शेवटी किंचित कडवटपणा.

हा रंग येतो कुठून? गुरुजींनी मुलांना एक काळं द्राक्ष चिरून दाखवावं. आतला गर फिकटच दिसेल. रंग असतो तो सालीत. म्हणून साली रसात भिजत ठेवतात. डोल्चेत्तोच्या सालीत रंग आणि तुरटपणा दोन्ही भरपूर. तेव्हा थोड्याच दिवसांत त्या काढून घेतात, नाहीतर वाइन घशाला धरते.

आता हिशेबाकडे वळू. याच टेकड्यांवर नेब्बियोलो नावाचं दुसरं द्राक्ष होतं. त्याची बारोलो ही वाइन जगभर महाग विकली जाते. पण कायद्यानं ती निदान 38 महिने मुरवावी लागते. तोवर घर कशावर चालायचं? इथं डोल्चेत्तो उपयोगी पडतं. ते नेब्बियोलोच्या आधी काही आठवडे पिकतं, थंड आणि उंच जागीही तयार होतं. त्याच्या वाइनमध्ये आंबटपणा कमी, म्हणून ती बहुधा दोन-तीन वर्षांतच प्यायची असते. पण तोडणीच्या पुढच्याच वर्षी ती विकायला निघते. आपल्याकडे तूर शेतात उभी असताना मूग घरात येतो ना, तसंच हे.

हे पीक हलकं समजू नका, बरं का. 1948 ते 1955 या काळात इटलीचे राष्ट्राध्यक्ष असलेले लुइजी एइनाउदी हे नामांकित अर्थशास्त्रज्ञ. दोग्लियानीला त्यांनी 1897 साली जमीन घेतली आणि डोल्चेत्तोची बाग राखली.

तरीही आज हे द्राक्ष अडचणीत आहे. बारोलोचा भाव चढला, तसे चांगल्या उतारांवरचे डोल्चेत्तोचे वेल उपटून नेब्बियोलो लावले गेले. वरच्या अंगाला हेझलनटची झाडं आली. दोग्लियानीच्या शेतकऱ्यांनी मात्र आपलं द्राक्ष सोडलं नाही. 2005 साली त्यांच्या निवडक वाइनला इटलीतलं सर्वांत वरच्या दर्जाचं प्रमाण मिळालं. आता बाटलीवर ते ठळकपणे गावाचंच नाव घालतात, 'दोग्लियानी'.

उपटलेला वेल पुन्हा लावला तर फळ धरायला तीनेक वर्षं जातात. भाव मात्र एका हंगामात फिरतो. म्हणून मंडळी, मोठ्या भावाच्या पिकासाठी लवकर हाती येणारं पीक मोडण्याआधी, मधली वर्षं घर कशावर चालेल, याचा आकडा वहीत मांडून पाहावा.