हवेचे पैसे

कपकेकच्या दुकानात पहिल्यांदा गेलेला माणूस काचेच्या कपाटापाशीच रेंगाळतो. गुलाबी, पिस्ता, चॉकलेटी क्रीमचे कळस आणि त्यांवर साखरेचे मणी. मीही रेंगाळले. पण आमच्या भागातल्या त्या छोट्याशा बेकरीत काम दुकानाच्या मागच्याच खोलीत चालतं आणि मधलं दार उघडं होतं. आत मिक्सरच्या भांड्यात नुसतं बटर आणि साखर फिरत होती. मैदा, अंडी अजून बाजूलाच होती. काचेतल्या कळसांपेक्षा मोठी करामत त्या भांड्यात चालली होती.

पिवळंधमक बटर फिरता फिरता फिकट होत जातं आणि थोड्या वेळाने जवळजवळ पांढरं दिसू लागतं. हा पांढरेपणा हवेचा. साखरेच्या दाण्यांच्या धारदार कडा बटरमधून फिरताना हवा आत ओढून नेतात. तिचे डोळ्यांना न दिसणारे असंख्य बुडबुडे बटरमध्ये अडकतात, आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून चहूकडे विखुरतो. बटर फ्रिजमधून काढल्या काढल्या घेतलं तर ते दगडासारखं, त्यात हवा शिरत नाही. वितळलं तर शिरलेली हवा टिकत नाही. 20 अंश सेल्सियसच्या आसपासचं बटर उत्तम. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हे जमायचं कसं? बेकरीच्या मालकीणबाई भांडं मधूनच उचलून फ्रिजमध्ये ठेवत होत्या. "बटर चकाकायला लागलं की केक बसलाच म्हणून समजा," असं म्हणत त्यांनी चिमूटभर मिश्रण बोटांत चोळून बघितलं.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. केक फुगवते ती बेकिंग पावडर, असं आपण समजतो. पण बेकिंग पावडर सहसा एकही नवा बुडबुडा तयार करत नाही! ओल्या मिश्रणात अगदी शून्यातून बुडबुडा उभा करायला फार जोर लागतो, कारण बुडबुडा जितका लहान, तितका पृष्ठताणाचा दाब त्याला जास्त चिरडतो. म्हणून पावडरीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड सोपी वाट धरतो आणि आधीच असलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठं करतो. म्हणजे केक किती हलका होणार, हे बरंचसं मैदा पडण्याआधीच ठरून गेलेलं असतं. फेटायचा कंटाळा केला, तर पुढे पावडर कितीही ओता, मोठ्या भोकांचा खरबरीत केक पदरात पडतो.

ही पावडर 1843 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने बनवली, तीही बायकोसाठी. तिला यीस्ट सोसत नसे. अंडीही सोसत नसत, म्हणून त्याने आधी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर शोधली होती. आपल्या फ्रूट सॅलडचा उगम असा एका बाईच्या नाजूक पोटात आहे! बेकिंग पावडरीत खायचा सोडा, कोरडं आम्ल आणि दोघांमध्ये ओल शिरू नये म्हणून स्टार्च एवढंच असतं. ओल मिळाली की दोघं एकमेकांना भिडतात. ढोकळ्याच्या पिठात इनो टाकल्यावर फसफसतं तेच हे. हल्लीच्या पावडरींत दोन आम्लं असतात. एक पाणी लागताच जागं होतं, दुसरं ओव्हनच्या उष्णतेने. त्यामुळे बेकरीवाल्याला ट्रे भरायला सवड मिळते.

कागदी कप दोनतृतीयांश भरले आणि ट्रे 180 अंशांच्या ओव्हनमध्ये गेला. काचेतून बघत राहिलं, तर कडा आधी घट्ट होताना दिसतात. मधला भाग अजून पातळच असतो, तो वर चढत राहतो, म्हणून डोक्याला घुमट येतो. पाठोपाठ अंड्यातली प्रथिनं गोठतात, मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि बुडबुड्यांच्या भिंती पक्क्या होतात. मग त्या फुटतात! सुटे बुडबुडे एकमेकांत उघडतात आणि फेसाचा स्पंज होतो. तसं झालं नसतं, तर थंड होताना आतली हवा आकसून केकच आत ओढला गेला असता. या टप्प्याआधी ओव्हनचं दार उघडणाऱ्याचा केक बसतो तो जवळपास याच कारणाने: भिंती अजून लेच्यापेच्या, आणि आतला वायू एकदम गार. केकच्या पोटात पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांपुढे जात नाही. वरची साल मात्र कोरडी पडून त्यापुढे तापते आणि तपकिरी, खमंग होते. ही मायार प्रक्रिया. लुई-कामिय मायारने ती 1912 साली मांडली.

एवढासा केक भाजायची कल्पना काही आजची नाही. अमेलिया सिमन्सच्या 1796 सालच्या अमेरिकन पाककृतींच्या पुस्तकात छोट्या कपांत भाजायचा केक आहे. न्यूयॉर्कच्या मॅग्नोलिया बेकरीने 1996 नंतर त्याची फॅशन केली, आणि ती आपल्या गल्लीपर्यंत पोचली. पण मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांत कागदात भाजलेला मावा केक त्याच्या कितीतरी आधीपासून होता. ग्रँट रोड स्टेशनाजवळची बी. मेरवान 1914 सालची. मावा म्हणजे आटलेलं दूध, त्यात दुधातली साखर आणि प्रथिनं दाटलेली, म्हणून मावा केकची साल जास्त खमंग. वर वेलदोडा. त्याला क्रीमचा कळस लागत नाही, आणि माझ्या मते कुणालाच लागत नाही. क्रीमची उंच टोपी ही बहुतेकदा कोरड्या केकची लाज झाकायला असते.

म्हणून पहिल्यांदा जाल तेव्हा बिनक्रीमचा साधा व्हॅनिला मागा. बेकरी ओळखायची ती त्यावरून. मधोमध मोडा आणि भोकं बघा: बारीक, सारखी असतील तर फेटणाऱ्याने कसूर केलेली नाही. आणि घरी आणून फ्रिजमध्ये ठेवलाच, तर खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. थंडीने घट्ट झालेलं बटर नरम पडल्याशिवाय चव जिभेवर उतरत नाही.