महामार्गाच्या तोंडाशी कोणाची जागा?



समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरणारे पाहुणे आम्हाला हमखास एक प्रश्न विचारतात : "रस्ता तर झाला, पण तुमच्या आदिवासी कुटुंबांना त्याचा काय उपयोग?" या अंकात त्याचे उत्तर नीट मांडण्याचा प्रयत्न करतो.

रस्ता की भिंत?

नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग १० जिल्ह्यांतून जातो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तो मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून ८५ किलोमीटरांहून अधिक धावतो. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरीपुढचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी.

जुन्या रस्त्यावर कोठेही थांबता येई. फाट्यावर चहाची टपरी, बाजूला पंक्चरचे दुकान, पुढे संत्र्यांची पाटी घेऊन बसलेली बाई, अशी गरिबाची रोजी रस्त्याच्या कडेला आपोआप उभी राहत असे. समृद्धीला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. ठरावीक ठिकाणीच, म्हणजे इंटरचेंजवर, चढता-उतरता येते. मधल्या गावांना हा रस्ता भिंतीसारखा आहे आणि सगळा व्यापार त्या मोजक्या दारांशी गोळा होणार आहे. म्हणून दाराजवळची जमीन कशासाठी वापरायची, हे कागदावर कसे ठरते याला इतके महत्त्व आले आहे.

नवनगरे म्हणजे काय?

इंटरचेंजजवळ 'कृषी समृद्धी केंद्रे' किंवा नवनगरे वसवावीत, अशी शासनाची कल्पना आहे. गोदामे, शीतगृहे, सोयाबीन-तूर-कापसावर प्रक्रिया करणारे कारखाने, बाजार, घरे, शाळा, दवाखाना हे सगळे एका आराखड्यात. आपल्या जिल्ह्यात मेहकर तालुक्यातील साब्रा-काब्रा आणि सिंदखेडराजा तालुक्यातील माळ सावरगाव ही नावे त्यासाठी पुढे आली. आराखडा नसेल तर इंटरचेंजभोवती ज्याच्या हाती पैसा तो जमीन घेतो, प्लॉट पाडतो, आणि नाली-पाण्याचा विचार मागाहून होतो. म्हणून नियोजन हवेच. प्रश्न आहे तो नियोजनात कोणाची मोजणी होते याचा.

महामार्गासाठी आधी जमीन एकत्रीकरणाची योजना मांडली गेली. शेतकऱ्याने जमीन द्यायची, बदल्यात जिरायतीला २५ टक्के व बागायतीला ३० टक्के इतका विकसित भूखंड आणि १० वर्षे वार्षिक रक्कम घ्यायची. पुढे २०१७ मध्ये थेट खरेदीचा पर्याय आला, आणि बहुतेकांनी रोख मोबदला पसंत केला. पुण्याजवळच्या मगरपट्ट्यात वेगळे घडले. तेथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून अधिक जमीन विकण्याऐवजी एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. शहर वाढले तसा त्यांचा वाटाही वाढला.

सातबाऱ्याबाहेरची माणसे

पण या सर्व वाटांना एकच किल्ली लागते : सातबाऱ्यावर नाव. आपल्या कामातील फासेपारधी कुटुंबांपैकी अनेकांकडे ती नाही. कोणी दुसऱ्याचे शेत बटईने करते, कोणी सोयाबीनच्या सोंगणीला आणि कापूस वेचणीला जाते, कोणी ई-क्लास जमिनीवर दोन पिढ्यांपासून कसते. शेत विकले गेले की मालकाला पैसा मिळतो आणि मजुराचा हंगाम बुडतो. एका वस्तीवरच्या बैठकीत एका आजीने विचारले, "भाऊ, आमची जमीन गेली नाही, मग आमचं काम कुठं गेलं?" माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते.

कायद्यात मात्र काही आधार आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्या जमिनीवर आधीची तीन वर्षे पोट भरणारे शेतमजूर, कूळ आणि कारागीर यांनाही बाधित कुटुंब मानले आहे. थेट खरेदीत हा भाग सहज मागे पडतो, म्हणून तो मागून घ्यावा लागतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शासकीय जमिनीवरील भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे शासनाचे धोरण होते. त्या तारखेआधीचा दंडाचा कागद आजही मोलाचा आहे. ज्या आदिवासींच्या नावे जमीन आहे, त्यांची जमीन बिगर आदिवासीला महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे परवानगीशिवाय विकता येत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा मागणारा दलाल हे कधी सांगत नाही. शिवाय आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नसल्याने पेसा कायद्याची ढाल येथे नाही. म्हणून हे बाकीचे आधार अधिकच जपायला हवेत.

वेळ कधी?

नगररचना कायद्यानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत हरकती व सूचना घेतल्या जातात. वस्तीचा, पांदण रस्त्याचा, गुरांच्या चराईचा, मजुरांच्या घरांचा प्रश्न तेव्हाच लेखी द्यावा लागतो. नकाशा मंजूर झाल्यावर केलेली तक्रार फारशी चालत नाही. आपली मागणीही साधी आहे : बाजारात हातगाडी-पाटीवाल्यांसाठी राखीव ओटे, महिला बचत गटांसाठी गाळे, कामगारांसाठी परवडणारी घरे आणि तरुणांसाठी गोदाम व यंत्रकामाचे प्रशिक्षण.

लेवीयच्या पुस्तकात शेताच्या कडा न कापता गरीब व परदेशी यांच्यासाठी सोडण्याची आज्ञा आहे. त्या आज्ञेमुळेच रूथला बवाजाच्या शेतात सरवा वेचता आला. आपण ती कथा दयेची म्हणून सांगतो, पण ती जमीन वापराच्या नियमाचीही कथा आहे. रूथ आली तेव्हा कडा शिल्लक होती, कारण पेरणीआधीच तसा नियम होता.

आपण काय करू शकतो?

आपल्या मंडळीत निवृत्त तलाठी, वकील, भूमी अभिलेखमधील कर्मचारी किंवा शिक्षक असतील. महिन्यातला एक शनिवार द्या. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा शोधणे, जुन्या दंडपावत्या जपून त्यांच्या प्रती काढणे, हरकतीचा अर्ज लिहून देणे ही कामे एकट्या कार्यकर्त्याच्या हातून होत नाहीत. देणगी पाठवणाऱ्यांचे आभार आहेतच. पण या वर्षी पैशांपेक्षा कागद वाचू शकणारी माणसे आम्हाला जास्त हवी आहेत. त्या आजीकडे पुढच्या वेळी जाताना उत्तर नाही तरी अर्ज हातात असावा, एवढी इच्छा आहे.