साडेतीन इंच

पुण्यात कसबा पेठेतल्या एका वाड्याची दर्शनी भिंत वरच्या अंगाला रस्त्याकडे झुकली आहे. खालून जाणारी माणसं न बोलता पलीकडच्या कडेला सरकतात. तोच वाडा एका माहितीपत्रकात मला ताठ, काटकोनात उभा दिसला. भिंत होती तशीच होती. सरळ झाला होता तो फोटो. हे नेमकं कसं करतात ते पाहायला मी एका ताईंकडे गेले. दुरुस्तीला घेतलेल्या जुन्या वास्तूंचे फोटो त्या वास्तुविशारदांना काढून देतात, आणि हाच वाडा तेव्हा त्यांच्या पडद्यावर होता.

बोळात मागे सरकायला जागा नसते, म्हणून कॅमेरा वर उचलावा लागतो. मग माथा लेन्सपासून लांब पडतो, लहान दिसतो, आणि उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे कलतात. भात्याच्या जुन्या कॅमेऱ्यात कॅमेरा न कलवता नुसती लेन्स वर सरकवता यायची. पुढे छोट्या कॅमेऱ्यांनाही सरकत्या लेन्स मिळाल्या; कॅननने १९९१मध्ये २४ मिलीमीटरची आणली. त्या आजही महाग आहेत. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र २०१३पासून हे काम एका बटणावर होतं.

ताईंनी आधी ते बटण दाबून दाखवलं. क्षणात वाडा ताठ.

“गेले साडेतीन इंच,” त्या म्हणाल्या.

हा आकडा वाड्याच्या दुरुस्तीवरच्या गवंडीकाकांचा. वळचणीपासून ओळंबा सोडला तर तो भिंतीच्या पायापासून साडेतीन इंच पुढे येऊन थांबतो. कॅमेऱ्यामुळे आलेला कल कुठला आणि भिंतीचा स्वतःचा झोक कुठला, हे बटणाला कळत नाही. त्याला रेषा समांतर करायच्या असतात. पावसाचं पाणी मुरून, लाकूड कुजून भिंत जी बाहेर आली, ती खूण त्यात पुसली जाते. विक्रीच्या पत्रकाला ते चालत असेल. दुरुस्तीच्या कामात ते धोक्याचं आहे.

म्हणून ताई बाजूच्या भिंतीचा फोटो घेताना दोन्ही टोकांना लाल दोऱ्याचे ओळंबे सोडायला लावतात. वारा पडेपर्यंत थांबतात. मग संगणकावर मार्गदर्शक रेषा आखतात त्या या दोऱ्यांवर. भिंतीच्या कडेवर कधीच नाही. मूळ फोटोत दोन्ही कोपरे आत कललेले दिसत होते, पुढचा जरा कमी. दुसरी रेषा टेकली आणि मागचा कोपरा उभा राहिला. पुढचा मात्र उभ्या रेषेशी न थांबता तिला ओलांडून रस्त्यावर झुकला. रोज डोळ्यांनी पाहिलेली भिंत तिथे पहिल्यांदा दिसली. मी ताईंना तेवढंच तीनदा करून दाखवायला लावलं.

पुढचं काम ठरलेलं: खालच्या कोपऱ्यांत उरलेले रिकामे त्रिकोण कापायचे, बुटका झालेला वाडा मोजमापाशी ताडून पुन्हा उंच करायचा. माथा ताणला गेल्यामुळे तिथली कौलं थोडी धूसर होतात, त्याला इलाज नाही.

जेजुरीच्या दीपमाळांचीही त्यांनी आठवण काढली. दीपमाळ मुळातच वर निमुळती. तिच्या दोन कडा समांतर केल्या की दगडी नळकांडं उरतं, आणि ज्याने ती रचली त्याचं कसब फोटोतून जातं. मला हे फार पटलं. जिथे ओळंबा सोडता येत नाही तिथे त्या शेजारच्या दाराची चौकट आधी तपासून घेतात आणि तिच्यावर रेषा आखतात.

लाल दोरे फोटोतून काढून द्या, अशी मागणी त्यांच्याकडे अनेकदा येते. ताई काढत नाहीत. तिपाई जिथे ठेवली होती तिथे बोळातल्या फरशीवर त्यांनी ऑइलपेंटने तीन ठिपके दिले आहेत. पावसाळा संपला की त्याच ठिपक्यांवरून, त्याच लेन्सने, पुन्हा दोन ओळंबे सोडून फोटो निघेल, आणि साडेतीनचे चार झालेत का ते गवंडीकाका आणि ताई मिळून पाहतील.