वडिलांच्या टेम्पोचा जीर्णोद्धार

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार ही औंढा नागनाथ तालुक्यातील शेतमालाची बाजारपेठ. अशा गावांत एखाद्या जुन्या पेढीच्या मागे मॅटाडोर किंवा पिकअप वर्षानुवर्षे उभा असलेला दिसतो. चाकांतील हवा गेलेली असते, हौद्याचा पत्रा गंजलेला असतो. भंगारवाला भाव सांगून जातो; पण घरातील कोणी विकू देत नाही आणि कोणी दुरुस्तही करीत नाही. ज्या गाडीने हळदीची पोती वाहिली आणि शिरड शहापूरला भगवान मल्लिनाथांच्या दर्शनासाठी सारे कुटुंब नेले, तिचे मोल पैशांत कसे करावे?

या गाड्यांशी जैन समाजाचे नाते केवळ ग्राहकाचे नाही. सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो मालमोटारी बाहेर पडल्या. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी केली. ‘टेम्पो’ हे मूळ एका जर्मन गाडीचे नाव. आज मराठीत प्रत्येक छोटी मालगाडी टेम्पोच म्हणवते. १९६९ पासून मॅटाडोर आला आणि तालुक्यातील व्यापाऱ्याच्या दारी चारचाकी मालवाहन उभे राहिले.

जीर्णोद्धाराचा आरंभ रंगापासून करू नये. प्रथम चॅसीचा गंज तपासावा. ती खचली असेल तर पुढील सारा खर्च व्यर्थ आहे. त्यानंतर ब्रेकमधील रबरी भाग, डिझेलच्या टाकीत साचलेला गाळ, उंदरांनी कुरतडलेले वायरिंग आणि शेवटी इंजिन. रंग सर्वांत अखेरीस द्यावा.

कागदपत्रांकडे मात्र पहिल्या दिवशीच पाहावे. गाडी दिवंगत वडिलांच्याच नावावर असते. मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ द्वारे नाव बदलून घ्यावे, असा नियम आहे. उशीर झाला असल्यास तो आणखी वाढवू नये. कर्ज केव्हाच फिटलेले असले तरी नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा तसाच असतो. तो उतरविण्यासाठी नमुना ३५ व बँकेचा ना-हरकत दाखला लागतो. पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या चारचाकीस २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. परंतु गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि व्यवसायासाठी किंवा रोजच्या वापरासाठी ती चालविता येत नाही.

आता हिशेब. घटत्या शिल्लक पद्धतीने १५ टक्के घसारा धरला, तर लाखाची गाडी वीस वर्षांनी वहीत चार हजारांच्याही खाली येते. तिच्यावर होणारा खर्च व्यापारी गुंतवणूक नव्हे, हे भावाभावांनी आधीच मान्य करावे. खर्चाची मर्यादा आणि प्रत्येकाचा वाटा कागदावर लिहावा. पेढीच्या खात्यातून परस्पर रक्कम उचलली, तर वडिलांच्या आठवणीतूनच घरात कटुता येते.

प्रश्न धर्माचाही आहे. आपल्या आचार्यांनी परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, तिच्यावरील आसक्तीत सांगितले आहे. गंजत ठेवलेली, कोणालाही हात लावू न दिलेली गाडी ही कृतज्ञता म्हणावी की आसक्ती? दुरुस्त झालेली गाडी विमा व योग्यता प्रमाणपत्रासह पांजरपोळात चारा पोहोचवू लागली, तर वडिलांचे नाव उपयोगी पडले. चॅसीच खचली असेल, तर नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी रीतसर द्यावी, नोंदणी रद्द करून घ्यावी आणि येणारी रक्कम जीवदयेस अर्पण करावी. हा निर्णय घरातील वडीलधारी मंडळी हयात असताना, त्यांना विचारून घेतलेला बरा.